करार कोणाचा, बळी कोणाचा?

राक्षसाशी किंवा सैतानाशी करार करून मिळवलेली सत्ता टिकते काय, हा अद्भुत कथांमधला जुना प्रश्न आहे आणि त्याचे ठरीव उत्तर ‘नाही’ असे आहे. करार करणारा काही काळ माजतो, सोने लुटतो, मग मुदत भरते आणि त्याला उचलून नेले जाते. वाचक सुटकेचा श्वास टाकतो. मोर्शीतली कॉलेजची पोरे आज मोबाइलवर याच गोष्टी पाहतात. त्यांच्याशी या विषयावर बोलू लागलो की एखादा विचारतोच, ‘सर, याच्यात जातीचा काय संबंध आहे जी?’ चळवळीतल्या पुष्कळ मंडळींचे मतही फारसे वेगळे नाही. भुताखेतांचे वाङ्मय म्हणजे पलायन, असे म्हणून ती मोकळी होतात. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला. त्यातल्या माणसांसाठी राक्षस कल्पनेतून आणावा लागला नाही, हे खरेच आहे. परंतु ज्या गोष्टी लाखो लोक आवडीने पाहतात त्यांतला हिशेब तपासायचा नाही, असा नियम कोणी केला?

हिशेब असा तपासावा : करार कोण करतो, लाभ कोणाला होतो आणि किंमत कोण मोजतो? ‘टिकते काय’ हा प्रश्न त्यानंतरचा.

आपल्या पुराणांत तर या व्यवहाराची दिशाच उलटी आहे. युरोपात माणूस सैतानाकडे जातो. इथे ज्याला राक्षस म्हटले तोच तप करून देवाकडे वर मागतो. हिरण्यकशिपू असो की भस्मासुर, वर मिळतो आणि त्या वरातच फट ठेवलेली असते. बळीची गोष्ट त्याहून बोलकी आहे. तिथे मागणारा बटू वामन आहे आणि देणारा असुर. गुरू शुक्राचार्य सावध करीत असतानाही बळी शब्द पाळतो आणि पाताळात जातो. करार पाळणारा राक्षस आणि करारात कपट करणारा देव, ही उलटापालट जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त उघडी केली. शेतकऱ्याच्या घरात मात्र ती आधीपासून होती. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणताना बाई राक्षसाचेच राज्य मागत असते. म्हणून ‘आसुरी सत्ता टिकत नाही’ असे कोणी सांगू लागला की आपण आधी विचारले पाहिजे, असुर हे नाव ठेवले कोणी?

आता युरोपकडे वळू. मार्लोच्या नाटकातला फॉस्टस चोवीस वर्षांचा करार करतो आणि मुदत भरताच नरकात जातो. हिशेब चोख, ज्याने घेतले त्यानेच फेडले. गटेचा फाउस्ट वेगळा आहे. त्याचा दुसरा भाग १८३२ साली, गटेच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यात म्हातारा फाउस्ट समुद्राला बांध घालून नवी जमीन काढतो. या कामात रात्री माणसांचे बळी जातात, अशी कुजबुज आहे. बांधालगत फिलेमोन आणि बाउकिस या वृद्ध जोडप्याची झोपडी आहे. ती मालकाच्या डोळ्यांत सलते. मेफिस्टोची माणसे जातात आणि झोपडी म्हाताऱ्यांसकट जळून जाते. पुढे फाउस्ट मरतो तेव्हा देवदूत त्याचा आत्मा वर घेऊन जातात! या उद्धारावर समीक्षकांनी भरपूर शाई खर्च केली आहे. करारावर सही नसलेली ती दोन म्हातारी माणसे मात्र जळाली ती जळालीच.

मराठी मुलखातली याची ताजी गोष्ट म्हणजे राही अनिल बर्वे यांचा २०१८चा चित्रपट ‘तुंबाड’. भाषा हिंदी, माती आपली. नारायण धारपांची एक भयकथा बर्वे यांनी १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकली, तिथे याचे बीज पडले. म्हणजे विदर्भाचाही त्यात थोडा वाटा आहे. गोष्ट १९१८ ते १९४७ अशी चालते. कोकणातल्या एका ब्राह्मण घराण्याच्या वाड्याखाली देवीचे गर्भाशय आहे आणि त्यात तिचा पहिला पुत्र हस्तर कोंडलेला आहे. त्याने सोने घेतले, पण धान्य घ्यायला झेपावताच बाकीच्या देवांनी त्याला फोडून काढले. आईने वाचवले, ते एका अटीवर : त्याची पूजा होणार नाही, त्याचे नाव घेतले जाणार नाही. विनायक दोर सोडून खाली उतरतो, पिठाची बाहुली फेकतो आणि भुकेला हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढून वर पळतो.

सगळ्यांनी या चित्रपटात लोभ पाहिला. दिग्दर्शकालाही बहुधा तोच दाखवायचा होता, आणि तो त्याने कसून दाखवला आहे. पावसाने कुजलेला तो वाडा विसरता येत नाही. पण आपल्या माणसाने पाहिले तर त्याला आधी भूक दिसते. ज्याला देवळाबाहेर ठेवले, ज्याचे नाव उच्चारायचे नाही, ज्याच्या वाट्याला धान्य नाही, असा एक जण तळघरात आहे. आणि मूठभर पीठ फेकून त्याच्या अंगावरचे सोने लुटणारा इसम वरच्या मजल्यावर श्रीमंत म्हणून मिरवतो. याला आमच्या गावगाड्यात बलुते म्हणत, वेठ म्हणत. १९२७च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला परिषद भरली, ती अंबादेवीच्या दारात पाऊल टाकण्याच्या हक्कासाठी. पूजेची मनाई हा कल्पित शाप नव्हे, हे वऱ्हाडाला कोणी शिकवायला नको. चित्रपट विनायकाच्या ऱ्हासाने हळहळतो. हस्तरच्या उपासाबद्दल त्याला काही वाटत नाही. तो त्याच्या लेखी राक्षसच.

या चित्रपटाचे काही चित्रण सासवडच्या पुरंदरे वाड्यात झाले, असे सांगतात. सासवडजवळच पुरंदर किल्ला आहे. त्याच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा जुन्या गॅझेटियरांतही सापडते. बहामनी काळात हा बुरुज बांधताना पुनःपुन्हा ढासळू लागला. ज्येष्ठ पुत्र आणि त्याची बायको पायात पुरल्याशिवाय तो उभा राहणार नाही, असा दृष्टान्त झाला. तेव्हा बहिरनाक सोननाकाचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना जिवंत गाडले. बुरुज उभा राहिला. किल्ला येसाजी नाईकाकडे गेला आणि मुलाच्या बापाला इनाम मिळाले. ‘नाक’ हा शेवट कोणत्या वस्तीतल्या नावांना असे, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको.

या दंतकथेला प्रश्न विचारा : सत्ता टिकली काय? येसाजी नाईकाची नाही टिकली. किल्ला निजामशाहीकडे, आदिलशाहीकडे, मग शिवाजी महाराजांकडे, १६६५च्या तहाने मोगलांकडे, परत मराठ्यांकडे, पेशव्यांकडे आणि १८१८ साली इंग्रजांकडे गेला. दर वेळी निशाण बदलले. पायातली दोन माणसे बदलली नाहीत. अद्भुत कथांचे सोपे उत्तर इथे कोसळते. करार करणारा नष्ट होतो हे खरे, पण करार नष्ट होत नाही. तो सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखा पुढच्याच्या नावे चढतो.

आणि किंमत देणाऱ्यालाही कराराचा तुकडा गोड करून दिला जातो. बहिरनाकाचे इनाम तेच होते. अमृतनाकाच्या कथेत बेदरचा बादशहा महारांना बावन्न हक्क देतो. शिळी भाकर, मेलेल्या ढोराचे कातडे यांना हक्क म्हणायचे आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या सनदेचा अभिमान बाळगायचा! हा करार तर फार टिकला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचे बिल मांडले तेव्हा आपल्यातलेही काही वतन सोडायला कचरत होते. १९५८चा कायदा होईपर्यंत ते चालले. टिकणे म्हणजे खरेपण, असे मानणाऱ्यांनी या सनदेचे आयुष्य मोजावे.

हे सारे जुने झाले असे वाटत असेल तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचे पूर्ण नाव वाचावे. ‘महाराष्ट्र’ या शब्दानंतरचा पहिलाच शब्द ‘नरबळी’ आहे. मानवतला १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनापायी खून झाले, त्यांत लहान मुली गेल्या. धरण किंवा पूल उभा राहू लागला की पायात पोर पुरतात ही अफवा अजूनही खेड्यापाड्यांत फिरते. ती खोटी असते. पण तिच्यामागची भीती कुठून आली हे पुरंदर सांगतो.

मोर्शीपासून जवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर असे काव्यमय नाव आहे. पाणी अमरावती शहराला जाते, नांदगाव पेठच्या औष्णिक वीज केंद्रालाही गेले. तिथे कोणाला पुरले नाही. जमिनी गेल्या, गावे उठली. ज्यांच्या गेल्या ते अनेक महिने मोर्शीच्या तहसीलीपुढे बसले आणि ऑगस्ट २०२३मध्ये मुंबईला मंत्रालयात जाऊन त्यांच्यातल्या काहींनी संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. ते फाउस्टच्या बांधालगतच्या झोपडीतले लोक आहेत. फरक इतकाच की ही माणसे जळून गप्प झाली नाहीत.

‘तुंबाड’च्या शेवटी विनायक स्वतःच राक्षस होतो आणि मोहरांनी भरलेला लंगोट मुलापुढे धरतो. पांडुरंग तो नाकारतो आणि बापाला आग लावतो. या नकाराचे मोल मी कमी करीत नाही. घराण्यातल्या कोणीतरी हात आखडता घ्यावा लागतोच. पण हा वारसाचा नकार आहे. कर्ज बुडाले म्हणून पेढी बंद करणाऱ्याचाही नकार असाच असतो. तळघरातल्या त्या भुकेल्याला कोणी काही विचारले नाही, आणि पांडुरंगाच्या हातातही धान्य नाही.