उपकारस्तुती आणि ‘देव बरें करूं’

शहापूरच्या पेठेत मराठी, कोंकणी आणि कानडी या तिन्ही भाषा एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. तिन्हींतला व्यवहार सारखाच. परंतु कोणी आपल्यासाठी काही केले म्हणजे कोंकणी आपले वेगळेपण दाखवून जाते. मराठी माणूस ‘आभारी आहे’ असे म्हणतो. या शब्दात भार आहे, उपकाराचे ओझे आहे, आणि ते कधीतरी उतरवावयाचे आहे अशी जाणीवही आहे. कोंकणी माणूस मात्र ‘देव बरें करूं’ एवढेच म्हणतो. आपल्याने फेड होणार नाही हे मनोमन मान्य करून तो ते खाते देवाच्या नावावर चढवितो. विशेष हे की, मडगावचा ख्रिस्ती आणि म्हार्दोळचा हिंदू यांच्या तोंडी हे वाक्य एकच आहे.

मराठी ख्रिस्ती मंडळींनी देवाच्या आभारासाठी एक शब्द रूढ केला आहे, तो ‘उपकारस्तुती’. संकटात मिळालेले साहाय्य, आजारातून झालेली सुटका, प्रवासात, दुष्काळात वा साथीत झालेले रक्षण या सर्वांबद्दल देवाची केलेली स्तुती, असा त्याचा अर्थ. या भावनेने मराठीला काही ग्रंथ दिले आहेत, आणि ते वाङ्मय म्हणून कसे आहेत याचा विचार आम्ही येथे करणार आहो. देवळाच्या मंडपात वाचल्या जाणाऱ्या अंकात हा विषय कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे की, दिवेलागणीला देवापुढे हात जोडून आम्हीही हेच म्हणत असतो. ‘सांभाळलेस, असेच सांभाळ’ ही प्रार्थना कोणा एका धर्माची नाही. मग तिचे खरे आणि खोटे रूप ओळखण्याची कसोटी तरी आमच्यापाशी असली पाहिजे.

आमच्या मते ती कसोटी अशी: आपले रक्षण झाले म्हणून देवाचे आभार मानणाऱ्याला, ज्यांचे रक्षण झाले नाही त्यांची आठवण आहे काय? ती नसेल तर कृतज्ञता आणि आत्मसंतोष यांत फारसे अंतर उरत नाही. ती असेल तर साधे गद्यही स्तोत्राच्या पदवीला पोहोचते.

या कसोटीला प्रथम लावावयाचा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’. हा इंग्रज जेज्वित १५७९ मध्ये गोव्यास आला, साष्टीत सुमारे चाळीस वर्षे राहिला आणि १६१९ मध्ये येथेच निवर्तला. कोंकणीचे पहिले छापील व्याकरण त्याचेच. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ओव्या सुमारे अकरा हजार; पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. बाटलेल्या लोकांची पुराणे गेली आणि त्यांच्या जागी वाचावयास काही उरले नाही, ही उणीव एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने बोलून दाखविली आणि त्यातून ग्रंथ जन्मास आला, अशी योजना कवीने आरंभीच केली आहे. ओवीचा ओघ, आमच्या पुराणिकांची श्रोत्यांना हाक घालण्याची रीत, मध्येच अलगद येणारे कोंकणी शब्द आणि मराठी भाषेचे त्याने मनापासून गाइलेले कौतुक पाहता हा मनुष्य परदेशातून आला होता यावर विश्वास बसत नाही.

रसिकतेचा हा कौल दिल्यानंतरही एक गोष्ट आम्हांस टाळता येत नाही. स्टीफन्स साष्टीत आला त्याच्या बारा वर्षे अगोदर, म्हणजे १५६७ मध्ये, तेथील देवळे पाडली गेली होती. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, असे आमचे देव झुआरीपलीकडे अंत्रुज महालात नेले गेले. तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. घाट चढून बेळगाव-शहापूरकडे आलेल्या अनेक कुळांच्या कुलदेवतांची ठाणी यांतच आहेत. ज्या तालुक्यातून आमचे देव रात्री नदीपार झाले त्याच तालुक्यात, दोन पिढ्या उलटण्यापूर्वी, देवाच्या रक्षणाबद्दल कृतज्ञतेने भरलेले हे पुराण छापले गेले!

त्यातील मिसर देशातून बाहेर पडणाऱ्या इस्राएल लोकांची कथा या दृष्टीने वाचून पाहावी. मागे राजाचे सैन्य, पुढे पाणी, आणि देव आपल्या लोकांना पैलतीरी नेतो; पैलतीरी पोहोचताच लोक प्रथम त्याची स्तुती करतात. ख्रिस्ती आणि यहुदी परंपरेतील उपकारस्तुतीचे हे मूळ चित्र. आमच्या पूर्वजांनी हे केवळ ऐकले नाही, ते जगले. पालखीऐवजी डोक्यावर देव, वाद्यांऐवजी अंधार, आणि समोर नदीचे पात्र. मोशेच्या मागून चाललेल्या लोकांचे भय स्टीफन्सच्या शेजारच्याच गावांत ताजे होते. पण अकरा हजार ओव्या लिहिणाऱ्या या करुणावंत कवीला ते साम्य जाणवल्याची खूण आम्हांस कोठे दिसली नाही. त्याची उपकारस्तुती विद्वान आहे, मधुर आहे, भक्तीने ओथंबलेली आहे. तथापि ती सत्तेच्या तीरावर उभी राहून गाइलेली आहे. हा दोष आम्ही कवीच्या हेतूवर लादीत नाही. त्याच्या दृष्टीची ती मर्यादा आहे एवढेच म्हणतो.

परंतु ग्रंथाचे दैव ग्रंथकाराच्या हाती नसते. ज्या राजसत्तेच्या आश्रयाने हे पुराण छापले गेले, तिनेच १६८४ मध्ये कोंकणीवर बंदीचा हुकूम काढला. मग गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनाही आपल्या भाषेतील भक्ती परकी करून घेण्याची पाळी आली. पहिल्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. पुराण वाचले ते हस्तलिखितांत, आणि त्यांचा सांभाळ केला तो गोवा सोडून दक्षिणेस कानडा किनाऱ्यावर जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी. त्याच हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला नवी आवृत्ती काढली; देवनागरीत ते १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी आणले. आमचे देव नदीपार गेले तशी त्यांची पोथीही मुलूख सोडून गेली. दोहोंना राखले ते सामान्य, निर्वासित गृहस्थांनी. ‘क्रिस्तपुराणा’ची खरी उपकारस्तुती आम्हांस त्याच्या ओव्यांहून या जतनात अधिक दिसते.

रायतूरच्या छापखान्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, ब्रिटिश अमदानीतल्या महाराष्ट्रात, ही भावना पुन्हा एकदा अस्सल मराठी कंठातून निघाली. मधल्या काळात प्रॉटेस्टंट मिशने आली. आमच्या बेळगावातच लंडन मिशनचे काम १८२० मध्ये सुरू झाले. त्यांच्याबरोबर इंग्रजी चालीवरची भाषांतरित गीते आली. ही गीते गाणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल आम्हांस पूर्ण आदर आहे. पण काव्य म्हणून ती बहुधा टिकत नाहीत. चाल परकी, म्हणून ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण. कल्पना परकी, म्हणून वादळ, तारू आणि दीपगृह यांची गर्दी. ज्याने आयुष्यात विहिरीचे पाणी आटलेले पाहिले, पण समुद्र पाहिला नाही, त्या नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याने बुडत्या जहाजाच्या उपमेने देवाचे आभार का मानावेत?

हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओळखले. त्यांचा जन्म १८६१ चा, बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा, आणि मृत्यू १९१९ चा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. आणि ‘अभंगांजली’ वाचताना हे नुसते बोलणे नव्हते याची खात्री पटते. त्यांनी देवाला मायबाप, सखा, गुरू म्हणून हाक मारली. अभंग आणि कीर्तन त्यांच्यामुळे मराठी मंडळीत आपल्या घरच्यासारखे वावरू लागले. देवाने सांभाळले हे सांगण्यासाठी त्यांना दीपगृहाची गरज पडत नाही, आईचा पदर पुरतो.

तरीही आमची कसोटी येथे अर्धीच उतरते. टिळकांची पुष्कळ भजने गोड आहेत, आणि गोडपणा हाच त्यांचा दोष आहे. तुकोबा देवाचे उपकार मानतात, पण त्याच्याशी भांडतात, त्याला निष्ठुर म्हणतात, त्याच्या दारात धरणे धरतात. दुष्काळात अन्नावाचून गेलेल्या माणसांचे दुःख त्यांच्या भक्तीखाली कायमचे वाहत असते. टिळकांनी पूल ओलांडला, पण पुलाखालचे खळाळते पाणी त्यांच्या भजनांत थोडेच आले. ते दिसते ते त्यांच्या इतर कवितांत, पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीविषयी लिहिताना. म्हणजे ज्यांचे रक्षण झाले नाही त्यांची आठवण या कवीला होती. भजनाला बसताना मात्र तो ती बाहेर ठेवून येई.

ती आठवण घरात आणली त्यांच्या पत्नीने. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. त्याला कोणी उपकारस्तुतीचा ग्रंथ म्हणत नाही, आम्ही म्हणतो. सोवळ्याच्या अतिरेकापायी मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या बापाच्या घरी वाढलेली ही मुलगी. नवऱ्याने धर्म सोडल्यावर काही वर्षे ताटातुटीत राहिलेली, पुढे त्याच्याकडे गेल्यावरही आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवणारी, आणि अखेर १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेणारी. चमत्कारांची साक्ष द्यावयास यापेक्षा अनुकूल चरित्र कोणते? पण लक्ष्मीबाई साक्ष देत नाहीत, हकीकत सांगतात. आज घरात काही नाही, नवरा असलेले देऊन आला आहे, दारात आणखी एक पाहुणा उभा आहे. आणि तरी दिवस निभतो. तो कसा निभला हे त्या सांगतात, त्यावर प्रवचन करीत नाहीत.

या संयमातच त्यांचे सामर्थ्य आहे. देवाने मदत केली असे म्हणून मदत करणाऱ्या माणसाला त्या पुसून टाकीत नाहीत. नवऱ्याच्या धर्मांतराने खचलेल्या दिवसांत ज्या हिंदू नातलगांनी त्यांना घरात ठेवून घेतले, त्यांचे प्रेम त्या बाप्तिस्म्यानंतर पस्तीस वर्षांनीही तितक्याच ओलाव्याने लिहितात. नवा देव मिळाला म्हणून जुन्या माणसांना अंधारात ढकलीत नाहीत. ज्यांना कोणी नव्हते अशा मुलांना त्या घराने जवळ केले. तरुण बालकवींनाही तेथे आसरा मिळाला. आपले रक्षण झाले याची फेड दुसऱ्याचे रक्षण करून व्हावयाची असते, हे त्या कोठेही सूत्ररूपाने सांगत नाहीत, पण पानोपानी तेच घडत असते. आणि विनोद! देवाचे उपकार मानणारी माणसे सहसा स्वतःला हसत नाहीत. लक्ष्मीबाई हसतात, म्हणून त्यांच्या कृतज्ञतेत अहंकाराला बसावयास पाट मिळत नाही.

म्हणून आमचा निर्णय असा की, मराठी ख्रिस्ती वाङ्मयात पांडित्य ‘क्रिस्तपुराणा’चे, माधुर्य टिळकांचे, पण कृतज्ञता लक्ष्मीबाईंची.

हा निर्णय देऊन आम्हांस मोकळे होता येत नाही. कारण तीच कसोटी आता आमच्याकडे वळते. आमच्या देवस्थानांच्या माहात्म्यांतून देव नदीपार कसे झाले याचे वर्णन आम्ही अभिमानाने वाचतो. देवाने कुळांना राखले, कुळांनी देवाला राखले, हे खरेच आहे. पण मागे राहिले ते कोण? जमिनीमुळे, म्हाताऱ्या आईबापांमुळे, निव्वळ भयामुळे ज्यांना नदी ओलांडता आली नाही, त्यांचेच वंशज आज साष्टीतले ख्रिस्ती आहेत. गाव एक, पुष्कळ ठिकाणी वांगडही एक. आमच्या उपकारस्तुतीत त्यांच्यासाठी एखादी तरी ओळ आहे काय? ‘बाटले’ या एका शब्दात आम्ही त्यांची चारशे वर्षे मिटवून टाकली. स्टीफन्सला आमचे दुःख दिसले नाही म्हणून आम्ही वर त्याची मर्यादा दाखविली. त्याच न्यायाने आमची मर्यादाही आम्हीच दाखविली पाहिजे.

ग्रंथांनी जे केले नाही ते एका उत्सवाने केले आहे. कुंकळ्ळीची शांतादुर्गा सोळाव्या शतकात फातर्प्यास नेली गेली. दरवर्षी फाल्गुनात ती रंगीबेरंगी छत्र्यांच्या मिरवणुकीने आपल्या मूळ गावी परत येते. बारा वांगडी त्या मिरवणुकीचे मानकरी. आणि त्या वांगडांतील ख्रिस्ती गावकरीही तीत सहभागी होतात. नदीपार गेलेले आणि मागे राहिलेले त्या दिवशी एका देवीच्या छत्रीखाली चालतात. तेथे कोण कोणाचे आभार मानतो हे विचारण्यात अर्थ नाही.

‘देव बरें करूं’ या वाक्यात ‘माझें’ हा शब्द नाही, हे आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावे. ज्याने दिले त्याचे बरे होवो, एवढेच ते मागते. संध्याकाळी कपिलेश्वरापुढे हात जोडताना आमच्या ‘सांभाळलेस’ या शब्दामागोमाग, ज्यांना कोणी सांभाळले नाही त्यांचीही आठवण आम्हांस येवो. तेवढे साधले तर उपकारस्तुती हा शब्द परका वाटण्याचे कारण उरणार नाही.