देणारा गेल्यावर

रॉकफेलर प्रतिष्ठानचा इतिहास माजी अध्यक्ष रेमंड फॉसडिक यांनी १९५२ साली लिहिला. पुस्तक वाचनीय; पण घरच्याच माणसाने लिहिलेले, म्हणून परदेशी गेलेले अधिकारी पुढे, स्थानिक माणसे मागे.

त्याच साली प्रतिष्ठानच्या साहाय्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा गोचिडीमार्फत पसरणारा नवा विषाणू या केंद्राने शोधला. १९६७ मध्ये प्रतिष्ठानची मदत थांबली, काम थांबले नाही. २०२० मध्ये करोनाचा विषाणू याच संस्थेने वेगळा केला.

मदतीची खरी कसोटी ही. ती त्या पुस्तकात सापडत नाही. उद्या उरणच्या शाळेला कोणी प्रयोगशाळा देऊ केली, तर जरूर घ्यावी; मात्र विचारावे, देणारा गेल्यावर ती चालवणार कोण?