अखंड प्रतिलिपी आणि जतन : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकातील फायलींच्या सुरक्षिततेचा विचार महाविद्यालयांत बहुधा ‘दुसरी प्रत आहे ना?’ या प्रश्नापाशी थांबतो. प्रत असणे आणि जतन होणे यांत भेद आहे. वनप्रदेशातील संस्थांच्या दृष्टीने त्या भेदाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विवेचन :

रेप्लिकेशनमध्ये एका यंत्रावरील बदल दुसऱ्या यंत्रावर लगोलग उतरतो. २०१० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेली डीआरबीडी ही प्रणाली याच तत्त्वावर चालते. एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही, हा तिचा गुण निर्विवाद आहे. परंतु चुकून पुसलेली फाइल दुसरीकडेही तितक्याच तत्परतेने पुसली जाते. जतनासाठी कालचे रूप शिल्लक राहावे लागते. २००५ मध्ये खुली झालेली झेडएफएस ही फाइल-प्रणाली बदललेला मजकूर नव्या जागी लिहिते. त्यामुळे ठरावीक क्षणांचे ‘स्नॅपशॉट’ थोड्या जागेत राखता येतात. मात्र ते त्याच डिस्कवर असल्याने डिस्कबरोबर तेही नष्ट होतात. म्हणजे दोन्ही उपाय एकेकटे अपुरे आहेत.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रेप्लिकेशनची दुरुस्ती करताना मुख्य यंत्रावरील माहितीच चुकून पुसली गेली. जतनाच्या पाच पद्धती योजलेल्या असूनही एकही भरवशाची ठरली नाही. सुमारे सहा तासांपूर्वीच्या स्नॅपशॉटवर विसंबावे लागले. पुनःस्थापना करून न पाहिलेला बॅकअप हा केवळ समज असतो, हा यातील बोध आहे.

‘अखंड’ हा शब्दही तपासून घ्यावयास हवा. त्यात अखंड वीज आणि अखंड जोडणी गृहीत आहे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क पावसाळ्यात तुटतो. अशा ठिकाणी दूरच्या यंत्राच्या पोचपावतीसाठी थांबणारी प्रणाली कामच खोळंबवील. तेथे स्थानिक स्नॅपशॉट, जोडणी येताच केवळ फरक पाठविणारे आरसिंकसारखे साधन आणि जाळ्यापासून अलग ठेवलेली एक डिस्क, ही रचना अधिक योग्य ठरते. किती तासांचे काम गमावणे परवडेल, हे मात्र संस्थेने आधी ठरवावे.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. २००९ मध्ये मेंढा-लेखा ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांना तो लाभला. अशा हक्कांचा अभ्यास करताना ठराव, नकाशे, बांबूविक्रीचे हिशेब संगणकात येतात. माडिया व गोंडी बोलणाऱ्या वृद्धांची ध्वनिमुद्रणेही त्यात असतात. कागद पुन्हा स्कॅन करता येईल. निवर्तलेल्या माणसाचे बोलणे पुन्हा मुद्रित करता येणार नाही.

निष्कर्ष :

रेप्लिकेशन काम चालू ठेवते, बॅकअप गेलेले परत आणतो. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. दर सत्रात एकदा तरी जतन केलेली फाइल प्रत्यक्ष उघडून पाहणे, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित तरतूद होय.