ईयोबच्या दरबारातला सैतान

मुस्लिम वाचकाने मराठी बायबलातले 'ईयोब' हे पुस्तक उघडले की पहिल्याच अध्यायात तो थबकतो. ही हजरत अय्यूब (अ.) यांची कथा आहे, हे ओळखायला वेळ लागत नाही. खटकतो तो सैतान. ईश्वराच्या दरबारात इतरांबरोबर तोही हजर होतो, ईयोबच्या सचोटीवर शंका घेतो आणि रीतसर परवानगी मिळवून मगच त्याच्यावर संकटे आणतो. आपल्या ओळखीचा, हाकलून दिलेला इब्लीस इथे दरबारात कसा?

मूळ हिब्रूत तिथे 'हा-सातान' असे शब्द आहेत. 'हा' हे उपपद आहे. म्हणजे हे विशेषनाम नव्हे, हुद्दा आहे : आरोप ठेवणारा, फिर्यादी. मराठीत उपपदच नसल्यामुळे हुद्द्याचे नाव होऊन बसते. गणनेच्या पुस्तकात बलामाची गाढवी ज्याला पाहून बिचकते तो वाट अडवणारा फरिश्ताही 'सातान' म्हणूनच उभा असतो, तोसुद्धा ईश्वराच्या आज्ञेने. आणि उत्पत्तीच्या पुस्तकात आदम-हव्वाला भुलवतो तो फक्त सर्प. सैतानाचे नाव तिथे नाही.

यहुदी धर्मपंडितांनी हाच धागा पुढे नेला. तालमूदमध्ये रेश लाकिश म्हणतात की सैतान, माणसातली वाईट प्रवृत्ती आणि मृत्यूचा फरिश्ता हे एकच. या प्रवृत्तीला ते 'येत्झेर हारा' म्हणतात. आपल्याला लगेच 'नफ्स' आठवतो. पण घाई नको. मिद्राशमध्ये या प्रवृत्तीची चक्क बाजू घेतली आहे : ती नसती तर कोणी घर बांधले नसते, लग्न केले नसते, व्यापार केला नसता.

ख्रिस्ती परंपरेत हा फिर्यादी शत्रू झाला. प्रकटीकरणाच्या पुस्तकात उत्पत्तीतला सर्प आणि सैतान एक झाले. पुढे ऑगस्टीनने आदमचे पाप साऱ्या वंशाला चिकटवले. इंग्रजी शिकलेल्यांच्या डोक्यातला सैतान मात्र बायबलापेक्षा मिल्टनचा अधिक असतो. 1667 च्या 'पॅरडाइज लॉस्ट'मधला, हरूनही ऐटीत बोलणारा. तरीही मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानातला रानातला प्रसंग पाहावा. 40 दिवसांच्या उपवासानंतर सैतान हजरत ईसा (अ.) यांच्यापुढे स्तोत्रातले वचन टाकतो आणि त्यांची तिन्ही उत्तरे तौरातमधून येतात. दोन यहुदी पंडितांचा वाद चालला आहे असे वाटावे!

सारा फरक एका शब्दात साठला आहे. ख्रिस्ती प्रभुप्रार्थनेतल्या ग्रीक शब्दाचे दोन्ही अर्थ होतात, कसोटी आणि मोह. इंग्रजीने मोह घेतला, मराठी बायबलाने 'परीक्षा'. मराठी शब्द यहुद्यांच्या सकाळच्या प्रार्थनेजवळ जातो, कारण तिथेही कसोटीत न घालण्याचीच विनवणी आहे. 2017 साली तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी प्रचलित भाषांतराला हरकत घेतली. मोहात पाडणे हे पित्याचे नव्हे, सैतानाचे काम, असे त्यांचे म्हणणे. ईयोबच्या लेखकाला ही विभागणी पटली असती का, याची मला शंका आहे. त्याच्या कथेत परवानगी देणारा ईश्वरच आहे.

कुरआनमध्ये दरबाराचा हा प्रसंग नाही. सूरह सादमध्ये हजरत अय्यूब (अ.) स्वतःच आपल्या रबला हाक मारून सैतानाचे नाव घेतात, त्रास कोणी दिला हे त्यांना ठाऊक आहे. ईयोबला ते शेवटपर्यंत कळत नाही. दुसऱ्या अध्यायानंतर फिर्यादी जो नाहीसा होतो तो 42 व्या अध्यायापर्यंत परतत नाही. मधली पानेच्या पाने ईयोब आपल्यावरचा आरोप काय ते विचारत राहतो, मित्र त्याच्या माथी पाप मारत राहतात, आणि खरे काय ते फक्त वाचकाला माहीत असते. हे वाचताना जीव घुसमटतो. मला या पुस्तकाची खरी ताकद इथेच वाटते, शेवटच्या भरपाईत नाही. शेवटी गुरेढोरे दुप्पट होतात, पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात. आधीच्या दहा लेकरांचे नाव तिथे कोणी काढत नाही.