‘श्वेरमूट’ आणि मराठीतील मन

जर्मन भाषेतील खिन्नतावाचक शब्द अनुवादास दुःसाध्य आहेत, असे मत वारंवार मांडले जाते. ते पूर्णतः ग्राह्य नाही. ‘श्वेरमूट’ म्हणजे जड झालेले मन. मराठीतील ‘विषादा’च्या मुळाशी असलेल्या ‘सद्’ धातूचा अर्थही बसणे, खचणे असाच आहे. भाराची कल्पना येथेही आहे. ग्रीक कुळातील ‘मेलांकोली’ जर्मनमध्ये आहेच. फ्रॉइडने १९१७ च्या निबंधात विकृतीची चर्चा करताना तो शब्द योजिला. ग्वार्डिनी या धर्मचिंतकाने १९२८ साली खिन्नतेचा आध्यात्मिक अर्थ शोधताना ‘श्वेरमूट’ पत्करला. ‘विषादविकृती’ व ‘विषाद’ अशा योजनेने हा भेद मराठीत राखता येतो.

खरी अडचण अर्थाची नसून गोताची आहे. ‘वेमूट’ (हळवी व्यथा), ‘होखमूट’ (गर्व), ‘ग्रोसमूट’ (औदार्य) या सर्वांत ‘मूट’ आहे. सुटा ‘मूट’ आज धैर्यवाचक असला, तरी समासांत त्याचा ‘मन’ हा जुना अर्थ टिकून आहे. त्यामुळे व्यथा, गर्व व औदार्य या एकाच मनाच्या अवस्था ठरतात. विषाद, गर्व, औदार्य हे मराठी शब्द मात्र परस्परांस परके आहेत.

तथापि मन जड होणे, मन खचणे, मन मोठे करणे हे वाक्प्रचार पाहता तेच गोत मराठीतही नांदताना दिसते. जर्मन भाषा जे समासाने साधते, ते मराठी क्रियापदाने साधते. नामाला नामच शोधणाऱ्या कोशकाराच्या हाती हे लागत नाही; अनुवादकाने मात्र ते सोडू नये.