‘आपण मूळचे कुठले?’ : बेने इस्रायल कलावंतांशी झालेल्या संभाषणांचे एक वाचन

प्रास्ताविक

स्थलांतरित कलावंताशी संभाषण हा गेल्या काही दशकांत समीक्षेचा एक मान्य प्रकार होऊन बसला आहे. नियतकालिके, चित्रप्रदर्शनांच्या पुस्तिका, चर्चासत्रे आणि माहितीपट अशा सर्वच ठिकाणी तो आढळतो. त्याची रचनाही बहुधा ठरलेली असते. आरंभी कलेविषयी एखादा प्रश्न, लगोलग अस्मितेविषयी अनेक प्रश्न आणि शेवटी कलावंताच्या विकासाविषयी एक आशावादी प्रश्न. दक्षिण सुदानच्या कलावंतांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. हे राष्ट्र ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाले. परंतु त्याचे अनेक गायक, लेखक व चित्रकार त्यापूर्वीच्या दीर्घ यादवी युद्धामुळे केनिया, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे विखुरले गेले होते. इमॅन्युएल जाल हा संगीतकार बालपणी सैनिक होता. त्यामुळे त्याच्याविषयीच्या लेखनात बंदूक आधी येते आणि लय नंतर. व्हॅलेंटिनो अचाक डेंग या निर्वासिताची जीवनकथा २००६ मध्ये ‘व्हॉट इज द व्हॉट’ या नावाने प्रसिद्ध झाली, ती डेव्ह एगर्स या अमेरिकन लेखकाच्या लेखणीतून. पुस्तक स्वतःला आत्मचरित्रही म्हणवते आणि कादंबरीही. दीर्घ संभाषणांतून सिद्ध झालेल्या या ग्रंथात ‘मी’ नेमका कोणाचा, हा प्रश्न समीक्षकांनी विचारला आणि तो योग्यच होता.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी पनवेलच्या अभ्यासकाला आफ्रिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या गावात १८४९ साली उभारलेले बेथ एल सिनेगॉग आहे. ज्यांनी ते उभारले त्या बेने इस्रायल समाजाचे बहुसंख्य वंशज आज इस्रायलमध्ये, काही अमेरिका, कॅनडा व इंग्लंडमध्ये आणि थोडे मुंबई, ठाणे व रायगडमध्ये राहतात. त्यांच्यातील कलावंतांशीही संभाषणे झाली आहेत आणि होत आहेत. ती बव्हंशी इंग्रजीत होतात. त्यामुळे त्यांत काय हरवते, आणि जे हरवते ते मिळवण्याची जबाबदारी कोणाची, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पेणकर, रोहेकर, चेऊलकर

या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नौगावजवळ फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी होत. ते तेलघाणा चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव मिळाले. हिब्रू नावांनी येथे मराठी वळण घेतले : अब्राहमचा अबाजी झाला, सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी. आडनावे गावांवरून पडली : पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर, नागावकर, दिवेकर, अष्टमकर. ‘आपण मूळचे कुठले?’ या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आडनावातच आहे, त्यांनाच हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला गेला, ही गोष्ट विलक्षण म्हटली पाहिजे.

कलाक्षेत्रात मात्र या आडनावांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधील जॉनचाचाची भूमिका ज्यांच्या नावावर आहे ते अभिनेते डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर चेऊल उरले नाही. ‘आलम आरा’ (१९३१) ज्या नाटकावर आधारला ते जोसेफ डेव्हिड यांचे. ते पेणकर होते, हे चित्रपटाच्या इतिहासात क्वचितच सांगितले जाते. व्यवसायाच्या सोयीसाठी आडनाव गळणे ही काही शोकांतिका नव्हे. मुंबईच्या चित्रसृष्टीत सर्वच जातीधर्मांच्या नटांनी तसे केले. तथापि त्या गळालेल्या ‘कर’मुळे पुढच्या पिढीच्या समीक्षकाला या कलावंतांना मराठी म्हणून ओळखणे अवघड झाले, हे नाकारता येत नाही.

निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. त्यांचे वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी समाजाच्या इतिहासावर पुस्तकही लिहिले होते. ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ ही इझिकेल यांची आत्मपर कविता ‘हिम्स इन डार्कनेस’ (१९७६) या संग्रहात आहे. तीत शाळेतील छळ, लंडनमधील वास्तव्य, जहाजावर काम करीत केलेला परतीचा प्रवास आणि तेलबिया गाळणारे पूर्वज हे सारे येते आणि अखेरीस याच देशात राहण्याचा निर्णय येतो. आपली महाविद्यालये ज्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत तेथेच इझिकेल यांनी अध्यापन केले. इंग्रजी विभागांत ही कविता वर्षानुवर्षे शिकवली गेली ती ‘परकेपणाची कविता’ म्हणून. हे वाचन अपुरे आहे असे मला वाटते. कवितेतील निवेदक परका आहे हे खरे. पण आपले परकेपण तो ज्या कोरड्या, स्वतःवरच हसणाऱ्या सुरात सांगतो तो सूर मुंबईचाच आहे. वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद (१९७५) करणाऱ्या कवीला मराठीपासून तुटलेला म्हणणे घाईचे ठरेल. या अनुवादांकडे मराठी विभागांनीही पाहिले पाहिजे, कारण दोन भाषांच्या सीमेवरचे त्यांचे खरे संभाषण तेथे चालले होते.

निळी कातडी आणि तिचे खुलासे

समकालीन कलावंतांत सर्वाधिक चर्चा झाली ती सिओना बेंजामिन या चित्रकर्तीची. मुंबईत वाढलेल्या, सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या आणि १९८० च्या दशकात अमेरिकेस गेलेल्या बेंजामिन यांनी तेथे चित्रकला व रंगमंच-नेपथ्य अशा दोन विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतले. ‘फाइंडिंग होम’ या त्यांच्या दीर्घ चित्रमालिकेत लघुचित्रशैलीची बारीक रेघ, पॉप आर्टचे ठसठशीत रंग आणि ज्यू धर्मग्रंथांतील स्त्रिया एकत्र येतात. लिलिथ त्यांच्याकडे कॉमिकच्या नायिकेसारखी अवतरते. एका चित्रात अनेक हातांची देवी सात फांद्यांच्या ज्यू दीपवृक्षाचा आकार घेते. या सर्व स्त्रिया निळ्या आहेत.

निळा रंग का, हा प्रश्न त्यांना वारंवार विचारला गेला आहे. २०१५ सालच्या त्यांच्यावरील माहितीपटाचे नावच ‘ब्लू लाइक मी’ असे आहे. निळा हा आकाशाचा व समुद्राचा रंग, म्हणून तो सर्वत्र असणाऱ्याचा आणि कोठलाच नसणाऱ्याचा रंग, असा त्यांच्या उत्तराचा आशय असतो. कृष्ण आणि काली यांचाही उल्लेख त्या करतात. अमेरिकेतील प्रेक्षकासाठी हे उत्तर उपयुक्त आहे. वर्णभेदाचा अनुभव असलेल्या समाजात गोरी नसलेली ज्यू स्त्री म्हणून उभे राहण्यासाठी त्यांना एक प्रतिमा हवी होती आणि ती त्यांना सापडली. परंतु मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने हा रंग ‘कोठलाच नसणारा’ नाही. तो भिंतीवरच्या कॅलेंडरचा, दिनदर्शिकेतील श्रीकृष्णाचा, सणासुदीला रस्त्यात विकल्या जाणाऱ्या छापील चित्रांचा रंग आहे. त्याला पत्ता आहे. संभाषणात हा पत्ता पुसला जातो, चित्रात तो टिकून राहतो. म्हणूनच बेंजामिन यांची चित्रे त्यांच्याविषयीच्या संभाषणांहून अधिक नेमके बोलतात, असे माझे मत आहे. ‘संकर’, ‘बहुसांस्कृतिकता’ या शब्दांनी प्रश्नकर्त्याचे समाधान होते खरे, पण त्या शब्दांनी कोणतेही एक चित्र दुसऱ्यापासून वेगळे करता येत नाही.

२०१०-११ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात येऊन त्यांनी येथे उरलेल्या बेने इस्रायल स्त्रीपुरुषांच्या भेटी घेतल्या आणि छायाचित्र व चित्रकाम यांच्या मिश्रणातून ‘फेसेस’ ही व्यक्तिचित्रांची मालिका केली. पुढे दुसऱ्या फुलब्राइटवर त्या इस्रायललाही गेल्या. या कामात एक महत्त्वाचा पालट झाला : आजवर जिला प्रश्न विचारले जात होते ती आता स्वतः प्रश्न विचारू लागली. समोरचे माणूस प्रतीक म्हणून नव्हे, तर विशिष्ट चेहऱ्याचे आणि वयाचे माणूस म्हणून चित्रात येऊ लागले. ‘फाइंडिंग होम’मधील काही चित्रांत जी प्रतीकांची दाटी होते ती येथे विरळ झाली. कलावंताचा विकास म्हणतात तो येथे दिसतो. मराठीत यासाठी ‘जडणघडण’ हा अधिक चांगला शब्द आहे. विकासात मागे टाकणे गृहीत असते. जडणघडणीत जे आधी जडलेले आहे तेही मोजले जाते.

प्रश्न निरुपद्रवी नसतो

अस्मितेविषयीच्या प्रश्नाला या समाजाच्या संदर्भात एक कटू इतिहास आहे, आणि तो लक्षात न घेता घेतलेली मुलाखत उथळ होते. इस्रायलच्या स्थापनेनंतर तेथे गेलेल्या काही कुटुंबांनी १९५१-५२ मध्ये भेदभावाविरुद्ध धरणे धरले आणि ती भारतात परतली. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश काढले. तुम्ही खरोखर ज्यू आहात काय, हे मागील पिढ्यांपर्यंत तपासले जाणार होते. त्याविरुद्ध आंदोलन झाले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. ज्या घरात हा अनुभव जेवताना ऐकला गेला, त्या घरातील कलावंताला ‘तुम्ही स्वतःला प्रथम काय मानता?’ असे विचारणे म्हणजे चौकशीचाच सौम्य प्रकार वाटला तर नवल नाही.

जे येथेच राहिले त्यांच्या बाजूने एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ या इंग्रजी कादंबरीचा निर्देश करावा लागेल. अलिबागजवळच्या किनारी गावात एकटी राहणारी रेचल सिनेगॉगची देखभाल करते. मुले इस्रायलला गेलेली आहेत आणि सिनेगॉगच्या जमिनीवर बिल्डरची नजर आहे. प्रकरणांच्या आरंभी पाककृती आहेत. या कादंबरीस २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जमिनीचे भाव पनवेल-उरण पट्ट्यात कसे चढले हे पाहिलेल्या वाचकाला तिच्यातील संघर्ष कल्पित वाटणार नाही. पाककृतींचा उपयोग काही ठिकाणी सजावटीपुरता राहतो हे मान्य करूनही म्हणता येईल, की रेचलला कोणी अस्मिता विचारत नाही. तिला कुलपाची किल्ली विचारतात. कादंबरीचे बळ त्यात आहे.

मराठीतले संभाषण

इझिकेल, डेव्हिड आणि अमेरिकेतील कार्मिट डेलमन यांनी इंग्रजीत लिहिले. शीला रोहेकर हिंदीत लिहितात. मग ज्या समाजाची घरभाषा मराठी, त्याची मराठी अभिव्यक्ती कोठे गेली? ती होती आणि आहे. पण ‘कला’ या सदराखाली तिची नोंद होत नाही. १८४६ मध्ये मुंबईत हगादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाचा ग्रंथ, हिब्रू मूळ व मराठी अनुवादासह छापला गेला. १८७४ मध्ये पुण्यातही एक निघाला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायल मंडळींनी कीर्तनाचा प्रकार आपलासा केला. पूर्वरंग-उत्तररंगाच्या या घाटात अब्राहम, योसेफ, एलिया यांची आख्याने रंगू लागली. हिंदू कीर्तनाची ही नक्कल नव्हे. आख्यानाची रचना, साकी-दिंडीच्या चाली, श्रोत्यांना धरून ठेवण्याच्या युक्त्या या साऱ्यांचा उपयोग नव्या मजकुरासाठी करणे हे स्वतंत्र सर्जन आहे. मराठी कीर्तनपरंपरेच्या इतिहासात त्याला परिशिष्टाची नव्हे, तर प्रकरणाची जागा मिळावयास हवी.

ही परंपरा इस्रायलमध्ये विझली नाही. पोहे, गूळ, नारळ व फळे मांडून एलियाहू हनावीच्या नावाने होणारा मलिदा तेथेही होतो. नोहा मस्सील यांच्या संपादनाखाली तेथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघत आले आहे. त्यातील काही कविता भाबड्या आहेत, काही केवळ प्रासंगिक. परंतु परदेशातील मराठी मंडळांच्या दिवाळी अंकांना आपण जे वाङ्मयीन निकष लावतो त्याहून कठोर निकष यांनाच का लावावेत, हे कळत नाही. हिब्रूच्या वातावरणात टिकलेले हे मराठी आपल्या प्रमाण मराठीहून वेगळे आहे. त्यात कोकणी बोलींचे अवशेष आहेत आणि ते भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनाही खुणावणारे आहेत.

या बाबतीत केरळकडे पाहणे उपयोगी पडेल. कोचीच्या ज्यू स्त्रियांनी हस्तलिखित वह्यांत जपलेली मल्याळम गाणी त्यांच्या स्थलांतरानंतर इस्रायलमध्ये गोळा केली गेली. मल्याळमचे प्राध्यापक स्कारिया झकारिया आणि ओफिरा गमलिएल यांनी त्यांची मल्याळम-हिब्रू आवृत्ती सिद्ध केली आणि जेरुसलेमच्या बेन-झ्वी संस्थेने ती २००५ मध्ये प्रसिद्ध केली. एक भाषाविभागाचा प्राध्यापक हे करू शकला, कारण त्याने त्या स्त्रियांना अस्मिता विचारली नाही. त्याने त्यांना गाणे विचारले, शब्द विचारला, चाल विचारली. अस्मिता त्यातून आपोआप पुढे आली.

बेने इस्रायलांच्या कीर्तनांचा अभ्यास अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ ॲना शुल्त्झ यांनी केला, तोही इंग्रजीत प्रसिद्ध झाला. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांना या कामात एक नैसर्गिक सोय आहे : ज्या गावांची नावे या गाण्यांत आणि आडनावांत येतात ती आपल्या विद्यार्थ्यांची गावे आहेत. लघुसंशोधन प्रकल्पाच्या आवाक्यात बसणारे हे काम आहे. मात्र त्याला मुदत आहे. कोकणात जन्मून तरुणपणी इस्रायलला गेलेली पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. तेथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांना मराठी समजते, पण देवनागरी बहुधा वाचता येत नाही. म्हणून जे संकलन होईल ते देवनागरीबरोबर हिब्रू लिपीतही छापावे लागेल. अशा जोडछपाईचा नमुना १८४६ च्या मुंबईच्या हगादात तयार आहे.