निसर्गचित्रातली तिळाएवढी माणसं वाचायची कशी?

चित्रात डोंगर अवाढव्य आणि माणसं तिळाएवढी दिसली की आपण लगेच लिहून मोकळे होतो, 'निसर्गापुढे माणूस किती क्षुद्र!' कितीतरी सेमिनार पेपरांत हे वाक्य सापडतं. ते खरंच टिकतं का, एका चित्रमालिकेवर तपासून बघू.

१८०३ साली लंडनमध्ये थॉमस डॅनियलने वेरूळची २४ दृश्यं ॲक्वाटिंट पद्धतीने, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने छटा उठवून, छापली. मूळ चित्रं जेम्स वेल्सची. हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला, पुढे पेशवे दरबारात त्याने व्यक्तिचित्रं केली. वेरूळच्या या दृश्यांत कातळ, झाडी, लेण्यांची दारं आणि समोर इवलीशी माणसं.

मूड काय? शांत, थोडा उदास. इथपर्यंत ठीक. पण मूडवरून थेट अर्थावर उडी मारू नका. आधी तीन गोष्टी करा.

एक, अंगठ्याने माणसं झाकून बघा. लेणं किती उंच आहे तेच कळेनासं होतं. म्हणजे ही माणसं सगळ्यात आधी मोजपट्टीचं काम करतात.

दोन, समोरचं मोठं नेमकं काय आहे ते विचारा. कैलास लेणं आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, वरून खाली कोरत आणलेलं. म्हणजे चित्रातला माणूस निसर्गापुढे नाही, माणसांच्याच श्रमापुढे उभा आहे. छापाच्या मऊ छटांत कोरलेला दगड आणि न कोरलेला कातळ एकमेकांत मिसळतात, म्हणून आपली गल्लत होते. 'क्षुद्र' हा शब्द इथेच लंगडा पडतो.

तीन, आकृती कुणाच्या हातची ते बघा. वेल्स १७९५ मध्येच वारला, छाप आठ वर्षांनी निघाले. भग्न वास्तू, एखादं झाड, चार माणसं ही मांडणी तेव्हा इंग्लंडमध्ये रुळलेली होती. त्यामुळे ओसाडपणा वेरूळचा की त्या रिवाजाचा, हा प्रश्न उघडाच ठेवावा लागतो. अठराव्या शतकात होळकरांनी शेजारच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला होता, म्हणजे जागा काही निर्जन नव्हती. पुण्याच्या गंगाराम तांबटांनीही त्याच काळात ही लेणी रेखाटली. त्यांची चित्रं शेजारी ठेवून बघितली तर तुलनेला आधार मिळतो.

मात्र उलट टोकाला जाऊन 'ही वसाहतवादी नजर' एवढंच लिहिलंत, तर तेही आयतंच वाक्य झालं. पुरावा तिथेही लागतोच.

आपल्या जानेफळ-मेहकर भागातून वेरूळला गेलात, तर कैलासाच्या वरच्या कड्यावरून खाली बघा. अंगणातली माणसं तिळाएवढीच दिसतील, आणि तुम्ही त्यांना क्षुद्र म्हणणार नाही. तुम्ही उंचावर उभे आहात, एवढंच. म्हणून वहीत अर्थ लिहिण्याआधी चित्रकार कुठे उभा होता ते लिहा.